आभार प्रदर्शन

आपण गेली कितीतरी वर्षं एका नाट्यमंडळाच्या उपाध्यक्ष आहोत, हे रुख्मिणीबाईंना कळलं तेव्हा त्यांच्या हातात चहाचा ट्रे होता.

"ह्या आमच्या उपाध्यक्ष," इंद्रभान म्हणाले आणि बैठकीतल्या पाहुण्याला त्यांनी हनुवटीनंच बायको दाखवली.

पाहुणे उठून उभे राहिले. या घरात आल्यापासून रुख्मिणीबाईंसाठी उठून उभा राहिलेला हा पहिलाच माणूस. त्यांना वाटलं, चहा नको म्हणून निघाला. पण त्यानं हात जोडले आणि "नमस्कार मॅडम" म्हटलं, तेव्हा ट्रेमधले कप किणकिणले.

"मी? कधीपासून?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"मंडळ काढलं तेव्हापासून. सही केलती तू."

"मले वाटलं ते राशनचं होतं."

पाहुणे म्हणजे तिडके साहेब, नागपूरचे, सुवर्णमेघ कंपनीच्या दानधर्माचं खातं सांभाळणारे. कंपनीला गावाच्या वरच्या अंगाला मक्यापासून स्पिरिट काढायचा कारखाना टाकायचा होता. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव आणि सरपंचांच्या सहीचं ना हरकत पत्र पाहिजे होतं. सरपंच होती वर्षाराणी, म्हणजे रुख्मिणीबाईंची सून. पण तिडके साहेब कारखान्यासाठी आलेच नव्हते. ते संस्कृतीसाठी आले होते.

"कंपनी ग्रामपंचायतीला थेट काही देत नाही," ते कप हातात धरून म्हणाले. "बरं दिसत नाही ते. आम्हाला नोंदणी केलेली जुनी संस्था लागते. आता ती संस्था नेमकी सरपंचताईंच्या घरचीच निघाली, तर तो योगायोग."

"योगायोगच हाय," रुख्मिणीबाईंचा मुलगा राजू म्हणाला. बाबांच्या जुन्या ट्रंकेतून नवरंग नाट्य मंडळाचं प्रमाणपत्र त्यानंच दोन दिवस खपून शोधून काढलं होतं.

रुख्मिणीबाईंनी एक गोष्ट हेरली. दानाबद्दल बोलायचं असलं की साहेब कप हातात धरत. कारखान्याचा विषय निघाला की कप खाली ठेवून, घसा साफ करून मग बोलत. या दोन गोष्टी एका वाक्यात येऊ द्यायच्या नाहीत, असा त्यांचा नेमच होता. मंत्र म्हणताना भटजी मधे बोलत नाहीत, तितक्या कडकपणे ते तो पाळत.

"वाशीमला तुमच्या पक्षाच्या जिल्हाध्यक्षांच्या मातोश्रींच्या नावानं शाळा आहे ना," साहेबांनी पुन्हा कप उचलला. "तिचा वरचा मजला आम्हीच बांधून दिला. अध्यक्षांना फार समाधान वाटलं. त्यांनाही आपण कार्यक्रमाला बोलवू."

राजूनं आईकडं पाहिलं. त्याला पाहिजे असलेलं झेडपीचं तिकीट त्याच जिल्हाध्यक्षांच्या हातात होतं. लहानपणी जत्रेत पाळणा दिसला की त्याचं जसं तोंड व्हायचं, तसं आत्ता झालं होतं.

अडचण एकच होती. मंडळाचे बाकीचे सभासद देवाघरी गेले होते. उरले तिघं: अध्यक्ष इंद्रभान, उपाध्यक्ष रुख्मिणीबाई आणि चिटणीस चंद्रभान. तिघांच्याही सह्या लागणार होत्या. आणि चंद्रभान म्हणजे इंद्रभानचे धाकटे भाऊ. दोघांचं बोलणं बंद होऊन इतका काळ लोटला होता, की राजूनं दोघांना एकमेकांशी बोलताना कधी ऐकलंच नव्हतं.

भावांचं बोलणं बंद होतं, जावांचं नव्हतं. शेलूबाजारच्या बाजारात दर आठवड्याला कांद्याच्या ढिगापाशी रुख्मिणीबाई आणि जमनाबाई भेटत, घरच्या सगळ्या बातम्या एकमेकींना देत आणि दोन वेगवेगळ्या ऑटोंनी गावात परतत. त्या आठवड्यात जमनाबाईंनी कांद्याला हात लावायच्या आधीच विचारलं,

"बाई, तो कारखाना कोठी होऊन राह्यला?"

"वरती. टेकडीच्या बाजूनं."

"म्हंजे नाल्याच्या वर."

"हाव."

"आन माहा संत्र्याचा बगीचा नाल्याच्या खाली."

रुख्मिणीबाई कांदे निवडू लागल्या.

"माह्या माहेराकडं असाच एक हाय," जमनाबाई म्हणाल्या. "नाल्याचं पानी काकवीसारखं काळं झालं. ढोरं वास घेतेत आन तोंड फिरवतेत."

"पानी साफ करूनच सोडतो म्हनत होते."

"कोन म्हनत होते?"

"तेच. कंपनीवाले."

जमनाबाईंनी एक कांदा दाबून पाहिला आणि परत ढिगावर टाकला. रुख्मिणीबाईंना तो कांदा आपणच आहोत असं वाटलं. ऑटोत बसल्यावर त्यांनी बगीच्याचा विचार करायचं ठरवलं, पण डोक्यात सारखं "नमस्कार मॅडम" येत राहिलं. कार्यक्रमात स्टेजवर आपल्याला खुर्ची असणार, हे राजूनं सांगून टाकलं होतं. कोणतं लुगडं नेसायचं हेही त्यांनी मनात ठरवून ठेवलं होतं. माणसाच्या मनात एका वेळी किती गोष्टी मावतात, याला हद्द असते.

राजू काकांच्या पाया पडून आला आणि सगळ्यांना नवल वाटलं, कारण चंद्रभान यायला तयार झाले. रविवारी ते आले, ते कपाटातलं जुनं जाकीट घालून. मागून जमनाबाई आल्या आणि दाराशी बसल्या.

"राजू, त्याले इचार, चहा घेते काय," इंद्रभान म्हणाले.

"राजू, त्याले सांग, बिनसाखरेचा," चंद्रभान म्हणाले.

तिडके साहेब मधे बसले होते. त्यांची मान एकदा या भावाकडं वळत होती, एकदा त्या.

"यांचं नेमकं काय झालं होतं?" त्यांनी हळूच राजूला विचारलं.

झालं होतं ते असं. मंडळाच्या शेवटच्या नाटकात चंद्रभान राजा होते आणि इंद्रभान कपटी सेनापती. दुसऱ्या अंकात सेनापतीनं राजाला मारायचं होतं. पण त्या रात्री चंद्रभानची सासुरवाडी पहिल्या रांगेत येऊन बसली. सासऱ्यांसमोर मरायला चंद्रभानचा जीव होईना. सेनापतीनं तलवार खुपसली की राजा पडायचा आणि पुन्हा उठायचा. असं चार-पाच वेळा झालं. शेवटी राजानं सेनापतीच्या हातातली लाकडी तलवार हिसकली आणि सेनापतीलाच ठार केलं. पुढचे दोन अंक सेनापतीच्या राज्यात घडणार होते. ते राज्यच आलं नाही, त्यामुळं नाटक तिथंच संपलं. लोकांनी तिकिटाचे पैसे परत मागितले.

"मी त्याले फक्त एकच गोष्ट सांगतलती," इंद्रभान भिंतीकडं पाहून म्हणाले. "मरजो."

"सासऱ्यासमोर कोन मरते?" चंद्रभान दुसऱ्या भिंतीला म्हणाले.

तिडके साहेब हुशार होते. त्यांनी लगेच कप उचलला. "मग तेच नाटक पुन्हा करू. पडदे, कपडे, तालमीची जागा, सगळा खर्च कंपनीचा. वर मंडळाला सभागृह."

चंद्रभान खुर्चीत पुढं सरकले. "नायक कोन?"

"काका, तुमीच," राजू म्हणाला.

"मंग मी कोन?" इंद्रभान म्हणाले.

"बाबा, तुमी अध्यक्ष."

"अध्यक्षाले तलवार अस्ते काय?"

"आपण दोन नायकांचं नाटक लिहून घेऊ," साहेब म्हणाले. "दोघांना तलवारी. कुणी मरणार नाही."

एवढ्या वर्षांत कुणाला सुचला नव्हता असा तोडगा निघाला होता. दोन्ही भाऊ खुर्चीत ताठ बसले. जमनाबाईंनी मागून नवऱ्याचं जाकीट ओढलं. "नाल्याचं इचारा."

"हाव. नाल्याचं काय?" चंद्रभाननं विचारलं.

साहेबांनी कप खाली ठेवला. "तो विषय वेगळा आहे, काका. तो ग्रामसभेत. आज आपण कलेबद्दल बोलतोय."

"बराबर हाय," चंद्रभान म्हणाले. "कलेत नाला कायले आनतं, जमने?" आणि त्यांनी सही केली. इंद्रभाननं केली. रुख्मिणीबाईंनीही केली, नावाच्या पहिल्या अक्षराला छान गोल वळण देऊन. मान वर केली तर दाराशी जमनाबाई नव्हत्या. उठून गेल्या होत्या.

तेवढ्यात ग्रामपंचायतीतून वर्षाराणी आली. तिनं स्कार्फ सोडता सोडता टेबलावरचे कागद पाहिले.

"साहेब, माहं नाव कुठी येईन?"

"तुमचं नाव कुठंच नको, ताई," साहेब घाईनं म्हणाले. "कार्यक्रमालाही तुम्ही खाली, लोकांत बसा. उगाच कुणी दोन गोष्टी एकमेकींना जोडायला नकोत."

"आन ना हरकतीवर?"

"तिथं अर्थातच तुमचीच सही."

वर्षाराणीनं मान हलवली आणि ती आत गेली. राजू साहेबांना म्हणाला, "तिचं टेन्शन घेऊ नका. ती समजदार हाय."

संध्याकाळी सासू-सून तूर निवडायला बसल्या.

"आत्याबाई, एक बोलू? राग मानू नका."

"बोल."

"काकाले तलवार भेटली. बाबाले तलवार भेटली. याईले तिकीट भेटन. तुमाले स्टेजवर खुर्ची भेटली. उद्या नाल्याचं पानी नासलं, तं लोकं कोनाच्या नावानं बोटं मोडतीन?"

रुख्मिणीबाईंनी सुपातला एक खडा उचलला आणि कुठं टाकायचा ते न सुचून हातातच धरला.

"मंग नको करू सही."

"मले याच घरात राहाचं हाय, आत्याबाई," वर्षाराणी म्हणाली. ती रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. ती नुसतं सांगत होती. "सही नाई केली तं बायकोनंच तिकीट घालवलं असं होईन. आन केली तं गावाचं पानी घालवलं असं होईन. दोन्हीकून मीच."

रुख्मिणीबाईंना त्या रात्रीचं जेवण गेलं नाही. सून सरपंच झाली तेव्हा गावभर साखर वाटली होती त्यांनीच. आता वाटलं, आपण तिला खुर्ची दिली नाही, नुसतं नावं ठेवून घ्यायला पुढं केलं.

कार्यक्रम शाळेच्या मैदानात झाला. दाराएवढा पुठ्ठ्याचा चेक दोघा जणांनी धरून आणला. मुंबईहून कंपनीचे मोठे साहेब आले, वाशीमहून जिल्हाध्यक्ष आले, चॅनलवाले दोघं-तिघं आले. स्टेजवर शेवटची खुर्ची रुख्मिणीबाईंची होती. बसताना त्यांना कळलं, की खुर्ची मऊ आहे आणि आपल्याला ती आवडली आहे. समोर तिसऱ्या रांगेत बायकांमध्ये गावची सरपंच बसली होती, पदर डोक्यावर घेऊन. सगळ्यांच्या मागं, शाळेच्या नळापाशी, जमनाबाई उभ्या होत्या.

आभार मानायचं काम राजूनं आईला दिलं होतं. पाच नावं पाठ करून घेतली होती. "माय, नावं घे आन शेवटी 'मनापासून आभार' म्हन. बस. दुसरं काही बोलू नको."

मोठ्या साहेबांचं भाषण हिंदीत झालं. "हमें इस गाँव से कुछ नहीं चाहिए," ते म्हणाले. "सिर्फ आपकी मुस्कान." टाळ्या पडल्या. जिल्हाध्यक्ष म्हणाले, राजूभाऊसारखा तरुण झेडपीत गेला पाहिजे. पुन्हा टाळ्या पडल्या. मग माइकवरून पुकारा झाला, "आभार प्रदर्शन, मंडळाच्या उपाध्यक्ष सौ. रुख्मिणीताई."

त्या उठल्या. पाच नावं घेतली, बिनचूक घेतली. राजूचा चेहरा खुलला. "मनापासून आभार" एवढंच म्हणायचं राहिलं होतं, आणि त्यांची नजर तिसऱ्या रांगेत गेली. वर्षाराणी खाली मान घालून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती.

रुख्मिणीबाईंनी माइक जरा जवळ ओढला.

"कंपनीचे मोठे साहेब म्हनले, आमाले काहीच नको," त्या म्हणाल्या. "मोठ्या मनाची मानसं अशीच बोलतेत. पन आभार मानाचे तं पुरे मानले पायजेत. त्याईले नाल्याच्या वर कारखाना टाकाचा हाय. त्यासाठी ना हरकत पायजे. ना हरकतीवर माह्या सुनेची सही पायजे. सुनेले काही देलं असतं तं तिनं घेतलं नसतं. म्हनून त्याईनं माह्या मालकाच्या मंडळाले देलं. मंडळानं इतक्या वर्सात एक नाटक केलं नाई, तरी देलं. एवढा ईश्वास आजकाल कोन ठेवते? त्याईचे आभार."

मागं कुणीतरी हसलं. तिडके साहेब खुर्चीच्या कडेला आले.

"जिल्हाध्यक्ष साहेबाईचे आभार. त्याईच्या मातोश्रीच्या शाळेचा वरचा मजला बी कंपनीनंच बांधून देला. त्याईले समाधान वाटलं, असं आमाले तिडके साहेबाईनंच सांगतलं. म्हनूनच ते इतक्या लांबून आले. माह्या लेकाले तिकीट देऊन राह्यले, त्याचे बी आभार."

राजूनं डोळे मिटून घेतले होते.

"माहे दीर चंद्रभान भाऊजी. त्याईचा बगीचा नाल्याच्या खालीच हाय. तरी त्याईनं कलेसाठी सही केली. त्याईचे आभार. मी बी सही केली, या खुर्चीसाठी. खुर्ची चांगली हाय." आता बायकांची रांगच्या रांग हसत होती. "एक नाव राह्यलं. या गावची सरपंच. तिले स्टेजवर जागा नाई, ती खाली बसून हाय. साऱ्या कार्यक्रमात तिचं नाव कोनी घेतलं नाई, तं मी घेतो. वर्षाराणी. परवा ग्रामसभा हाय. तिले एकटी पाडू नका, सर्वेजन याजा. मनापासून आभार."

आधी नळापासून टाळी आली, जमनाबाईंची, एकटीची. मग बायकांची. मग सगळ्यांचीच. मुंबईच्या साहेबांना वऱ्हाडी कळत नव्हतं, एवढ्या टाळ्या पडताहेत म्हणून त्यांनीही मनसोक्त टाळ्या वाजवल्या आणि "क्या कहा इन्होंने?" असं तिडके साहेबांना विचारलं. तिडके साहेबांनी बराच विचार केला आणि ते म्हणाले, "थँक यू कहा, सर."

जिल्हाध्यक्षांना वाशीमहून तातडीचा फोन आला. फोन वाजलेला कुणी ऐकला नाही, पण ते तो कानाला लावून गाडीपर्यंत चालत गेले.

घरी आल्यावर इंद्रभान ओट्यावरून म्हणाले, "तुले आभार मानाले सांगतलं होतं."

"मानले ना."

"इतके?"

"कमी पडले असते तं तुमीच नावं ठेवली असती."

राजू खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. रुख्मिणीबाई बराच वेळ त्या दाराबाहेर उभ्या होत्या. पोराला जे सगळ्यात जास्त पाहिजे होतं, ते आपण माइकवरून उधळून दिलं, हे त्यांना कळत होतं. आतून आवाज आला असता, तर त्या रडल्या असत्या. आला नाही, म्हणून त्या स्वयंपाकाला लागल्या.

परवाच्या ग्रामसभेला बसायला जागा उरली नाही. एरवी कोरम भरायला शिपाई घरोघर फिरायचा. आज लोक खिडक्यांत बसले होते. नाल्याचा विषय निघाला आणि सगळ्यांच्या आधी उठले चंद्रभान. एवढी माणसं समोर पाहून त्यांना राहवेना. घरी बायकोनं दोन दिवस जेवण सोडून दुसरं काही दिलं नव्हतं, बोलणंसुद्धा नाही, तेही कारण असेल. राजाच्या जुन्या आवाजात त्यांनी पाण्यावर असं भाषण केलं, की मागच्या म्हाताऱ्यांना आपले तिकिटाचे पैसे फिटले असं वाटलं. ते संपल्यावर इंद्रभान सरळ त्यांच्याकडं पाहून म्हणाले, "आवाज चांगला लागला तुहा." चंद्रभान म्हणाले, "घसा बसला होता, नाई तं आनखीन लागला असता."

वर्षाराणीनं हात वर करायला सांगितले. नाही म्हणणारे इतके होते, की मोजायची गरज पडली नाही. ठरावाखाली तिनं सही केली आणि पेन मिटून पर्समध्ये ठेवलं. सासू पहिल्या रांगेत होती. दोघी एकमेकींकडं पाहून हसल्या नाहीत. घरी राजूसमोर जायचं होतं.

दानाचा खरा चेक आलाच नाही. पुठ्ठ्याचा चंद्रभाननं बगीच्यातल्या पाण्याच्या मोटारीच्या पेटीवर झाकायला नेला. कंपनी दुसऱ्या तालुक्यात गेली. तिथं सरपंचाच्या मामाचं भजनी मंडळ निघालं म्हणे. तिकीट दुसऱ्यालाच मिळालं. राजू महिनाभर आईशी बायकोमार्फत बोलत होता. मग एक दिवस मोटरसायकलची चावी सापडेना, तेव्हा तो विसरून थेट आईलाच विचारून बसला, आणि तिथून बोलणं सुरू झालं. मागच्या गोष्टीबद्दल मात्र तो चकार शब्द काढत नसे.

दिवाळीनंतर पुन्हा एक गाडी दाराशी थांबली. या वेळी सोलरवाले होते. शर्ट इन केलेला तरुण माणूस बैठकीत बसला, भिंतीवरचे फोटो पाहिले, गावाच्या संस्कृतीची चौकशी केली. आमचं फाउंडेशन शाळांसाठी, देवळांसाठी पुष्कळ करतं, म्हणाला. घरात कुणाची एखादी संस्था वगैरे आहे का, त्यानं विचारलं.

राजूनं आत हाक मारली. वर्षाराणी आली, ती येऊन समोर बसली. मग त्यानं एक खुर्ची स्वतः उचलून आणली, ती दारापाशी ठेवली आणि आईला बसवलं.

"साहेब," तो पाहुण्याला म्हणाला, "तुमाले काय पायजे ते आधी सांगा. काय देता ते मंग. आन जे काय हाय ते माह्या मायसमोरच बोला, नाई तं मायच नंतर आभार मानन."

पाहुण्याला काही कळलं नाही. तो हसायचं की नाही या विचारात दोघींकडं पाहत राहिला. रुख्मिणीबाईंनी पदर सावरला आणि खुर्ची जरा पुढं ओढून घेतली.